देवाचा कौल, माणसांचा सल्ला

आमच्या सांताक्रूझमध्ये अजून फुकट मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे सल्ला. जागा मिळत नाही, संध्याकाळी स्टेशनबाहेर रिक्षा मिळत नाही. पण घरात मुलीचे लग्न निघू द्या, जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचे निघू द्या, नाहीतर नुसते गुडघे दुखू द्या, सल्ला जिन्यातच उभा असतो. वर देणाऱ्याचा आग्रह असा की, तो मानला नाही तर माणूस चार दिवस बोलत नाही.

अशा वेळी काही मंडळी म्हणतात, 'थांबा, आधी देवाला विचारू.' सुशिक्षित माणसे या वाक्याला हसतात. मीही मराठी शिकवून पोट भरणारा सुशिक्षितच. पण मला हसण्याआधी शब्दाचे मूळ पाहण्याची खोड आहे. 'सल्ला' आणि 'कौल' हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. जुन्या मराठीत सल्ला म्हणजे मसलत आणि सल्ला म्हणजे तहसुद्धा. कौल म्हणजे दिलेला शब्द, अभयवचन. ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवायचा असला की सरकार रयतेला कौल देई: या, जमीन कसा, अमुक वर्षे इतकाच सारा घेऊ. (छपरावरच्या मंगळुरी कौलाशी याचा संबंध नाही, हे मला वर्गात सांगावेच लागते.) हाच सरकारदरबारचा शब्द कोकणातल्या माणसाने आपल्या ग्रामदेवतेला लावला. तेव्हा माझी समजूत अशी की, कौल लावणारा मुळात भविष्य विचारायला जात नाही. तो अभय मागायला जातो.

रीत गावागणिक वेगळी. साधारणपणे देवाच्या पाषाणावर किंवा मूर्तीवर उजव्या-डाव्या बाजूंना पाकळ्या, कळ्या नाहीतर तांदूळ पाण्याने चिकटवतात. गुरव प्रश्न घालतो. बहुतेक ठिकाणी उजवी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार. मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या ठरावीक तिथीला नसते. दरवर्षी देवीच्या कौलाने दिवस ठरतो, आणि तो कळला की इकडे मुंबईत कोकण रेल्वेच्या तिकिटांवर झुंबड उडते. त्याच तालुक्यातल्या आचऱ्याला तर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस झोपड्यांत राहतो. परतायलाही कौलच लागतो. तो झाला नाही तर मुक्काम वाढतो. एवढ्या माणसांनी घरांना पाठ करून निघायचे, हे कोणा पुढाऱ्याच्या सल्ल्याने घडले असते काय? एका वाडीने होय म्हटले असते, तर दुसरीने केवळ तेवढ्यासाठी नाही म्हटले असते.

पण गावपळणीत सगळ्यांना सारखाच त्रास आणि सारखीच मजा. एकट्या माणसाच्या डोक्यावर संकट येते तेव्हा काय? सभासदाच्या बखरीत याचे एक चित्र आहे. ही बखर कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा महाराजांच्या भोवतालच्या शहाण्यासुरत्या माणसांचे मत पडले की, सल्ला करावा. म्हणजे त्यांचा सल्लाच सल्ल्याचा होता! ही माणसे भित्री नव्हती. फौजांचे आकडे त्यांना कळत होते. त्या रात्री भवानीने राजांना दर्शन देऊन अभय दिले, असे बखरकार सांगतो. इतिहास-संशोधकाने त्याला पुरावा मानावा की नाही, तो त्याचा प्रश्न. माझे लक्ष पुढच्या मजकुराकडे जाते. देवीने अभय दिल्यावर राजे निर्धास्त होऊन झोपले नाहीत. आपले काही बरेवाईट झाले तर मागे राज्य कसे चालवावे हे त्यांनी सांगून ठेवले, रानात फौजा पेरल्या, आणि १० नोव्हेंबरला अंगात चिलखत घालून भेटीला गेले. भवानी पाठीशी आहे, मग चिलखताचे ओझे कशाला, असे त्यांना वाटले नाही.

नाहीतर देवाला विचारणारे असेही असतात की, उत्तर मनासारखे येईपर्यंत तीन-तीनदा विचारतात. चौथ्या खेपेला देवही कंटाळत असेल. आणि या कंटाळ्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे स्वतःचा हट्ट देवाच्या नावाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे. सुनेने नोकरी सोडावी ही इच्छा सासूची, पण ती बोलते देवीच्या तोंडून! साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला. कायदा करावा लागला, यातच काय ते आले.

१९३३ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. आपल्याला आतला आवाज स्पष्ट ऐकू आला, असे सांगून त्यांनी ८ मेपासून २१ दिवसांचा उपवास धरला. जिवलग माणसांनी परोपरीने विनवले, ते त्यांनी ऐकले नाही. पुढे 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिले की, हा भ्रम आहे असे कोणी म्हटले तर ते खोडून काढायला माझ्यापाशी पुरावा नाही. मला यात एक गोष्ट मोलाची वाटते. देवाच्या नावाने आलेली आज्ञा त्यांनी स्वतःच्या पोटावर घेतली. उपाशी ते राहिले, दुसऱ्याला ठेवले नाही.

आता घरचे सांगतो. आईला त्र्याहत्तराव्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत करा. लगेच सल्ले सुरू झाले. या वयात कापाकापी नको, असे मेहुण्यांचे मत. पुण्याला एकदा दाखवा, हे मावशीचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कसल्याशा काढ्याची बाटलीच आणून दिली. आईने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाली, "गावी कौल लावल्याशिवाय मी सही करणार नाही."

मला घाम फुटला. डावी पाकळी पडली तर? डॉक्टरांना काय सांगू? पण तिचे मन मोडून तिला टेबलावर निजवणेही मला जमण्यासारखे नव्हते. गावी धाकट्या काकांना फोन केला. ते देवळात गेले. तिथल्या म्हाताऱ्या गुरवाने सगळे ऐकून घेतले आणि कौल लावायला चक्क नकार दिला. त्याचे म्हणणे असे की, जिथे दोन वाटा सारख्या दिसतात तिथे कौल. इथे डॉक्टरने वाट दाखवली आहे, मग देवाला विचारायचे काय? इथे गाऱ्हाणे घालायचे. आणि त्याने ते घातले. शहरात म्हातारी एकटी आहे, तिच्या मागेपुढे उभा राहा, असे. जमलेल्या चार माणसांनी 'होय महाराजा' म्हटले.

काकांचा फोन आला, "वयनीक सांग, गाऱ्हाणां घातलंय."

"पण देव काय म्हणाला?" आईने विचारले.

"देवाला विचारलेच नाही," मी म्हटले. "सांगून ठेवले आहे."

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. शस्त्रक्रिया चांगली झाली, हे मी कशाचा पुरावा म्हणून सांगत नाही. त्याच वॉर्डातून कुठेही गाऱ्हाणे न घातलेली माणसेही पायांनी चालत घरी गेली. त्यानंतर आई सहा वर्षे आमच्यात होती. त्या दिवशी मात्र खिडकीतून मान वळवून तिने एवढेच विचारले, "मग कधी जायचं? आणि तो काढा तेवढा त्यांना परत देऊन ये. बाटली धुऊन दे."