एका कागदावर किती गोष्टी मावतात?

यंदाच्या प्रदर्शनात आम्ही मुलांचे तक्ते सावकाश पाहिले. बहुतेक वृत्तालेख, उरलेले स्तंभालेख. (हिंदी पुस्तकात त्याला ‘दंड आलेख’ म्हणतात. नातवाने ‘आज दंड काढला’ म्हणताच आजी विचारते, किती रुपये भरावे लागले?) रंगकाम सुरेख होते. एका तक्त्यापुढे मात्र आम्ही थबकलो. त्यावर जिल्ह्याची साक्षरता आणि हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या असे दोन स्तंभ शेजारी शेजारी होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘बालाघाट शिकला म्हणून मुली वाढल्या.’ पालकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

घरी येऊन २०११ च्या जनगणनेचे आकडे काढले. २०२१ ची जनगणना लांबल्याने आजही तेच हाताशी आहेत. बालाघाटात हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया, साक्षरता सुमारे ७७ टक्के. अभिमान वाटावा असेच आहे. पण भिंडची साक्षरता ७५ टक्के असून तेथे स्त्रिया ८३७. जबलपूर आपल्यापुढे, ८१ टक्के, स्त्रिया ९२९. आणि अलिराजपूर, जेथे साक्षरता जेमतेम ३६ टक्के, तेथे स्त्रिया १,०११!

आता आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर साक्षरता घ्या, उभ्या अक्षावर स्त्रियांची संख्या, आणि प्रत्येक जिल्ह्याचा एक ठिपका द्या. यालाच विकीर्ण आलेख म्हणतात. शिक्षणाने मुली वाढत असत्या तर ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेले असते. येथे अलिराजपूर डावीकडे पण वर, भिंड उजवीकडे पण अगदी खाली. दोन वेगळ्या स्तंभांत हे कधीच दिसले नसते, कारण स्तंभ ‘किती’ एवढेच सांगतो; ‘याच्याबरोबर ते कसे बदलते’ हे सांगायला ठिपकाच लागतो.

तिसरी गोष्ट दाखवायची तर ठिपका लहानमोठा करावा. लोकसंख्या घ्या. बालाघाट आणि भिंड, दोन्ही १७ लाखांच्या घरात, म्हणजे वर्तुळे जवळजवळ सारखी आणि तरीही त्यांच्यात १८४ चे अंतर. येथे एक चूक हमखास होते. जबलपूरची लोकसंख्या अलिराजपूरच्या सव्वातीनपटीहून अधिक, म्हणून मुले व्यासच तेवढा वाढवतात, आणि क्षेत्रफळ दहापटीहून मोठे होऊन बसते. व्यास १.८ पट पुरे. चौथ्या गोष्टीला रंग द्यावा: चंबळ एका रंगात, महाकोशल दुसऱ्या, पश्चिमेचे आदिवासी जिल्हे तिसऱ्या. मग कदाचित लक्षात येईल की पुस्तकी शिक्षणापेक्षा ‘मुलगाच हवा’ हा हट्ट कोठे किती आहे, हे अधिक बोलके आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेले पुरुष मोजणीत येत नाहीत, हेही विसरून चालणार नाही. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी अशाच बुडबुड्यांतून देशोदेशींचे उत्पन्न आणि आयुर्मान दाखवून २००६ नंतर जगभर नाव मिळवले. पाचवी गोष्ट मात्र त्याच कागदावर कोंबू नये. दोन छोटे आलेख बरे.

कोणी म्हणेल, शाळकरी मुलांना एवढे कशाला? आम्हांला ते पटत नाही. आपल्या जिल्ह्याबद्दल चुकीचे कारण सांगून मिळालेली टाळी मुलांच्या डोक्यात घट्ट बसते, आणि खरे कारण शोधायची गरजच उरत नाही. दोष मुलांचा नाही. आम्हीच त्यांना वृत्तालेखापलीकडे काही दिले नाही.

चार ठिपक्यांवरून आम्हीही घाई करीत असू. २०११ मध्ये मध्य प्रदेशात ५० जिल्हे होते. विश्वस्तांनी आलेख वह्यांचा एक गठ्ठा मंजूर करावा आणि नववीच्या वर्गाने पन्नासही ठिपके मांडावेत. पुरुष आणि स्त्रियांची साक्षरता वेगवेगळी घेऊन पाहिली तर आणखी बरे. तो तक्ता करणाऱ्या मुलींनाच हे काम प्रथम द्यावे, अशी आमची विनंती आहे.