मांजरीचा ट्रे आणि दाराची कडी



बाहेर हिंडणाऱ्या मांजरीला घरातल्या ट्रेची सवय लावणं म्हणजे स्वच्छतेचं काम, असंच आपल्याकडे समजतात. वास येऊ नये, फरशी खराब होऊ नये, एवढंच. माझ्या मते ते आधी अहिंसेचं काम आहे, मग स्वच्छतेचं. हा क्रम उलटा धरला की माणसं मांजरीवर ओरडायला लागतात आणि काम फसतं.

आपल्या घरांत पहिला आक्षेप येतो तो शास्त्राचा. हिंसक प्राणी पाळणं हे 'हिंसादान' या अनर्थदंडात मोडतं. स्वामिकार्तिकेयानुप्रेक्षेत तर मांजराचं नाव घेऊनच हे सांगितलं आहे. आमच्या सासूबाईंनी मनीला पहिल्यांदा दूध घातलं तेव्हाच हे बोलून दाखवलं होतं (दूध घातलं त्यांनीच, हेही खरं). आक्षेप चुकीचा नाही. उंदीर मारायला मांजर आणणं मलाही पटत नाही. पण परड्यात जन्मलेली, आपल्या दारी वाढलेली मांजर हाकलून दिली तर ती शिकार सोडते का? ती फक्त आपल्या नजरेआड शिकार करते. बुलबुलाची पिल्लं, सरडे, पाली यांचे जीव वाचवायचे असतील, तर पोट भरलेली मांजर घरात असणं हाच त्यातला कमी हिंसेचा मार्ग. तिच्या आहाराचा प्रश्न राहतोच, तो मी टाळत नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग दार लावून घ्यायचं? इथे दुसरं शास्त्रवचन आडवं येतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यांतला पहिलाच 'बंध'. जिवाला त्याच्या इच्छेच्या जागी जाण्यापासून अडवणं म्हणजे बंध. दोरी लागतेच असं नाही, दाराची कडीही पुरते. म्हणजे दार उघडं ठेवलं तर पाखरांची हिंसा, लावलं तर मांजरीला बंध. या पेचातून पूर्ण सुटका नाही, पण तो पुष्कळ सैल करता येतो, आणि तो सैल करणारी वस्तू म्हणजे तो साधा प्लॅस्टिकचा ट्रे. बाहेर जाण्याची तिची एक मोठी गरज घरातच भागली, तर कडीकडे ती कमी वेळा बघते.

म्हणून ट्रे आधी तिच्या जगात न्यायचा, मग तिला आपल्या घरात आणायचं. ती बाहेर जिथे उकरते तिथलीच माती घ्या. मांजर जागा ओळखते ती वासाने आणि पंजाला लागणाऱ्या मातीच्या पोताने. बाजारचे सुगंधी खडे आपल्या नाकासाठी असतात, तिच्या नाही. माती चाळा, किडामुंगी बाजूला काढा, कडक उन्हात वाळवा. पीठ चाळणाऱ्या, पाणी गाळणाऱ्या बाईला हे सांगायला नको. दोन-तीन इंच थर द्या आणि ट्रे तिच्या त्या जागेजवळच, बाहेर ठेवा. ती वापरायला लागली की रोज हातभर दाराकडे सरकवा. मग पडवी, मग उंबऱ्याच्या आत. आत स्थिरावल्यावर मातीत थोडे थोडे बिनवासाचे खडे मिसळत जा. आमच्या मनीला यात तीन आठवडे गेले. शेजारच्या बोक्याला दोन महिने लागले, आणि नसबंदी होईपर्यंत तो भिंतीवर फवारे मारतच राहिला. ते हद्द आखणं असतं, ट्रेचा त्याच्याशी संबंध नाही.

ट्रे मोठा हवा, मांजरीच्या लांबीच्या दीडपट तरी. झाकण नको. खाण्याच्या ताटलीपासून लांब, वॉशिंग मशिनच्या शेजारी तर मुळीच नको. दोन मांजरी असतील तर ट्रे तीन.

आता ज्याचा मला खरोखर राग येतो ते. शी चुकीच्या जागी केली म्हणून मांजरीचं नाक त्यात घासणं, चापट मारणं, 'करेपर्यंत जेवायला द्यायचं नाही' म्हणून बाथरूममध्ये कोंडणं. धार्मिक घरांतही हे सर्रास चालतं. अतिचारांच्या यादीत बंधाच्या पुढचं नाव 'वध' आहे. त्याचा इथे अर्थ जीव घेणं असा नाही, मारझोड असा आहे. आणि शेवटचं नाव 'अन्नपाननिरोध'. रोज सामायिक करणाऱ्या घरात मांजरीला उपाशी कोंडलेलं असावं, हे मला बघवत नाही. शिवाय त्याचा उपयोगही नाही. मांजर शिक्षेचा संबंध ट्रेशी जोडत नाही, आपल्याशी जोडते, आणि पलंगाखाली जाऊन करायला लागते. चुकलेली जागा मुकाट्याने पुसावी. नीट शिकलेली मांजर अचानक बाहेर करू लागली, किंवा बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर त्याच दिवशी डॉक्टर. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

पुसताना फिनाईल वापरू नका. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजरीच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि फरशीवरचं सगळं पंजे चाटताना तिच्या पोटात जातं. साबणाचं कोमट पाणी आणि ऊन एवढ्यावर आमचा ट्रे वर्षभर चालला आहे.

ट्रे रोज साफ करायचा, शक्यतो दोनदा. मुनी-आर्यिकांच्या पाच समितींमधली उत्सर्ग समिती मला यासाठी फार जवळची वाटते. मलमूत्र कुठे टाकायचं, तर जीवजंतू नसलेल्या कोरड्या जागी, आधी पाहून. ओला ट्रे दोन दिवस तसाच राहिला की त्यात माश्या होतात, म्हणजे आपणच जीव निर्माण करून आपणच मारणार. रोजच्या सफाईला वैद्यकीय कारणही आहे: मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा पसरू शकतो, पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. तरीही घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं. मुलग्यांनीही करावं, त्यांचे हात झिजत नाहीत.

एवढं करून मनी अजूनही संध्याकाळी दाराशी बसते. तिच्यासाठी खिडकीत फळी ठोकली आहे, रोज पंधरा मिनिटं कुणीतरी तिच्याशी दोरीने खेळतं. बंध अगदी शून्य झाला असं मी म्हणणार नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर चातुर्मासाच्या आधी करा. माती आत्ताच वाळवून, डब्यात भरून ठेवा. पाऊस एकदा लागला की कोरडी माती मिळत नाही.