शेततळ्याला कुंपण घाला



गेल्या सोंगणीत चिखली तालुक्यात एक शेततळे पाहायला गेलो. काठावर सहा-सात वर्षांचा मुलगा पाण्याकडे टक लावून उभा. हाक मारली, तो वळलाच नाही. आई धावत आली. "सायेब, यंदा तिसऱ्यांदा इथंच सापडला. लोक म्हणतात, बाहेरचं हाय."

बाहेरचे काही नाही. याला स्वमग्नता म्हणतात. मेंदूची जडणघडणच निराळी असते; त्यात आईची हयगय नाही की लशीचा दोष नाही. अशा पुष्कळ मुलांना पाण्याची ओढ असते, धोका कळत नाही आणि हाकेला ती ओ देत नाहीत. तळ्याच्या प्लॅस्टिकवरून तर मोठा माणूसही घसरतो, वर येता येत नाही. म्हणून सोयाबीनचे बोलणे मी बाजूला ठेवले. तळ्याला कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा. गाठी मारलेला दोर खुंट्याला बांधून पाण्यात सोडा. विहिरीला कठडा व जाळी करा. पोर दिसेनासे झाले, तर आधी पाण्याकडे धावा, नातेवाइकांकडे नंतर.

मळणीयंत्राचा आवाजही पुष्कळांना सोसत नाही, मग ती पळत सुटतात. त्या दिवशी आजीने त्याला घरीच ठेवावे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मांत्रिकाला दिलेला पैसा कुंपणाला पुरला असता, हे मी त्या घरी स्पष्टच बोललो.

कुंपण झाले. तरी त्या माउलीने पोराच्या पायात घुंगरू बांधले आहे. बैलाचे आहे, पण घरभर ऐकू येते.