मोकळ्या जागा आणि न विचारलेली माणसे

ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली की घरपट्टी किती वाढणार याची चर्चा लगोलग सुरू होते. गावातील मोकळ्या जागांचे पुढे काय होणार, ही चर्चा मात्र सहसा होत नाही. म्हसळ्यात ती होणे अगत्याचे आहे. माणगावहून दिघी बंदराकडे जाणारा रस्ता येथून जातो, श्रीवर्धनच्या पर्यटकांची वाहनेही येथूनच जातात. रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला की जेथे काही बांधलेले नाही ती जागा ‘पडीक’ समजण्याची वृत्ती बळावते.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास योजना करण्यापूर्वी जमिनीच्या विद्यमान वापराची पाहणी करून नकाशा तयार करणे बंधनकारक केले आहे. ही पाहणी जमिनीची, माणसांची नव्हे. माणसांना विचारले जाते ते प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर, हरकती व सूचनांच्या रूपाने. मुंबईत 2015 साली हजारो हरकती आल्या आणि प्रारूप आराखडा नव्याने करण्याचा आदेश शासनाला द्यावा लागला. तथापि मुंबईत वास्तुशिल्पी आहेत, वकील आहेत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आहेत. म्हसळ्यात नकाशातील रंग ओळखून मुदतीत हरकत लिहिणार कोण? ज्याची जमीन आरक्षणात सापडली, तो. त्याचे नुकसान मोठे व नेमके असते. मैदानाचा लाभ शेकडो घरांत थोडाथोडा वाटला जात असल्याने त्यासाठी तालुक्याची कचेरी गाठणारा कोणी नसतो. म्हणजे केवळ हरकती मोजल्या तर गावाला मैदान नकोच आहे, असा निष्कर्ष निघावयाचा!

यावर उपाय घरोघर जाऊन विचारण्याचा. आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी केलेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग 1945 साली प्रसिद्ध झाला. त्याहीपूर्वी, 1915 च्या सुमारास, मुंबई इलाख्यातील गावे हिंडून पॅट्रिक गेडिस यांनी आधी निदान, मग उपचार हे सूत्र मांडले होते.

परंतु काय विचारावे, यावर सारे अवलंबून आहे. ‘आपणांस उद्यान हवे काय?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस विरळा. होकार मिळतो, मग कारंजे, लोखंडी कुंपण आणि सायंकाळी पाच ते आठ अशी पाटी येते. कोकणातील गावाच्या मोकळ्या जागा या साच्यात बसत नाहीत. होळीचा माळ, पालखी बसते ती सहाण, देवराई, खाडीकडे उतरणारी पायवाट, पावसाळ्यानंतर मुले क्रिकेट खेळतात ते भातकापणी झालेले शेत, यांपैकी कशालाही कोणी उद्यान म्हणत नाही. म्हणून ‘काय हवे’ याआधी ‘आज कोठे जाता, कशासाठी, आणि कोठे जाणे बंद झाले’ हे विचारले पाहिजे.

कोणाला विचारावयाचे, हा प्रश्न त्याहून अवघड. 2011 च्या जनगणनेत म्हसळा तालुक्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक होती. घरचे पुरुष मुंबईस वा आखाती देशांत. प्रश्नावली मात्र बहुधा नाक्यावर, पुरुषांकडूनच भरून घेतली जाते. मोहल्ल्यातील, कुणबीवाडीतील वा आदिवासीवाडीतील बाईला संध्याकाळी मोकळेपणाने बसावयास जागा कोठे आहे, हे नाक्यावरच्या माणसाला सांगता येणार नाही. तिला विचारण्यास बाईच गेली पाहिजे, तेही दुपारची कामे आटोपल्यावर. उलट मे महिन्यात पाहणी केली तर चाकरमान्यांची मतेच गावाची मते म्हणून नोंदली जातील. त्यांना मत नसावे असे नाही. ते वेगळे मोजावे, एवढेच.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळी व आंब्याची झाडे आडवी केली. कोणत्या सावलीत माणसे बसत होती, याची नोंद त्यापूर्वी कोणी केलेली असती तर पुन्हा झाडे कोठे लावावयाची हे ठरविणे सोपे गेले असते.

राहता राहिला पैसा. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही पावले न उचलल्यास आरक्षण संपुष्टात येते. लहान नगरपंचायतीने नकाशावर दहा हिरवे तुकडे रंगविले तर बहुतेक याच मार्गाने जातील. तेव्हा पाहणीतील अखेरचा प्रश्न असा असावा की, यांपैकी दोनच जागा राखता येणार असतील तर कोणत्या? आणि आलेली उत्तरे, वाडीवार आकड्यांसह, योजना प्रसिद्ध होण्यापूर्वी नगरपंचायतीच्या फलकावर लावावीत.