विश्लेषण : शेतातल्या सोलर पॅनेलमागे लेझरची बारीक रेघ, ती ओढणारे हात कुठे आहेत?

परंडा तालुक्यातील सोनारी काळभैरवनाथासाठी प्रसिद्ध. धाराशिव जिल्ह्यातील अशा गावांना आता सोलर पॅनेलही नवे राहिलेले नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी 5 टक्के रक्कम भरतात. त्या पैशांतून किती वीज मिळणार, यात लेझरचाही वाटा आहे.

लेझर काय करतो?
‘पर्क’ प्रकारच्या सिलिकॉन सेलच्या मागे केसाहून शेकडो पट पातळ थर असतो. तो वीज वाया जाऊ देत नाही. पण स्वतः वीजरोधक आहे. म्हणून लेझरने त्यात बारीक खिडक्या उघडतात. तिथे ॲल्युमिनियम सिलिकॉनला टेकते आणि वीज बाहेर येते.

थिन-फिल्म पॅनेलमध्ये काचेवर कॅडमियम टेल्युराइडचा काही मायक्रॉनचा थर असतो. लेझर तीन टप्प्यांत रेघा ओढतो. त्यातून एकाच काचेवर अनेक सेल तयार होतात आणि एकमेकांना जोडलेही जातात.

ताकद कमी का?
लोखंड कापणारा लेझर किलोवॅटचा असतो. इथे काही वॅट पुरतात, कारण ऊर्जा नॅनोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या झटक्यांत येते. वरचा थर उडतो, खालच्याला फारशी झळ लागत नाही. ताकद वाढली तर खालचा थर बिघडतो. कमी पडली तर रेघ अर्धवट राहते.

आपण कुठे आहोत?
तमिळनाडूत ‘फर्स्ट सोलर’च्या 3.3 गिगावॅटच्या थिन-फिल्म कारखान्याचे जानेवारी 2024 मध्ये उद्घाटन झाले. आयआयटी मुंबईत 2010 पासून सौरऊर्जेचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. उष्णता न सोसणाऱ्या पेरोव्स्काइटच्या थरांवरही तिथे काम चालते. सरकारी प्रकल्पांत मान्यताप्राप्त देशी सेलच वापरण्याची अट 1 जून 2026 पासून लागू करण्याचे केंद्राने जाहीर केले.

अट योग्यच आहे. पण बाहेरून आणलेले सेल काचेत बसवणे वेगळे आणि सेल घडवणे वेगळे. त्यासाठी लेझरची ताकद जुळवणारे, रेघ सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे तंत्रज्ञ लागतील. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत सौर अभ्यासक्रम पॅनेल बसवण्यापाशी थांबता कामा नये. सोनारीच्या मुलाने पॅनेल फक्त पुसायचे की घडवायचेही, हे तिथे ठरेल.