पॅटर्नबाहेरची लय

परवा लातूरला ताईकडे गेलो होतो. भाची मल्लखांब शिकते. चेहरा पाडून म्हणाली, "मामा, अढी येते, दसरंग येतो, बगलीपण येते. तरी सर म्हणतात, लय नाही. सोडून देऊ का?" ताईचं मत, पुढच्या वर्षी दहावी आहे, सुटलं तर बरंच!

मला नाही पटलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेला हा व्यायाम. खांब सागवानी किंवा शिसवी, वर निमुळता, एरंडेल चोळलेला. आवळून धरला की दमायला होतं, सैल सोडला की घसरायला. पोल डान्सचा खांब स्टीलचा, तिथे कातडीच पकड देते. पण डौल दोन्हीकडे एकाच जागी असतो: एका पकडीतून दुसरीत जाताना.

लातूर पॅटर्नने, म्हणजे घोटून घोटून, पकड पक्की होते. मान्य. पण लय दुसऱ्याची उतरवून घेता येत नाही. उंच मुलीचं वळण लांब, बुटकीचं चपळ. आपलं कोणतं ते आपल्या अंगालाच विचारावं लागतं.

तिला म्हटलं, महिनाभर नवीन काही नको. येतात त्या तीनच पकडी सावकाश, श्वास न कोंडता जोड.

मी नांदेडला असताना दहावीसाठीच मल्लखांब सोडला होता. मार्क मिळाले, अंग मात्र आखडलं ते आखडलंच. ताई, वाचत असशील तर रागावू नकोस. असो.