आवाज कुणाचा?

"देवाने मला सांगितलं" असं आपल्याकडे फार पटकन म्हटलं जातं. बायबलमधला शमुवेल तीनदा हाक ऐकून म्हाताऱ्या एलीकडेच धावला! हाक देवाची आहे, हे शेवटी एलीच्याच लक्षात आलं. म्हणजे ऐकणंसुद्धा कुणाकडून तरी शिकावं लागतं. आणि निरोप काय? त्याच एलीच्या घराण्याचा नाश. पोरगा घाबरला, पण एलीने विचारल्यावर काही लपवलं नाही. मित्रहो, आपल्याला येणारे 'आवाज' मात्र नेमके सोयीचे असतात. मला तरी त्यांची शंकाच येते. आई-वडील दुष्काळात गमावलेल्या पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात देवाची हाक मानून मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं.